ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बसवताना आणि ते अडलं की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरचे, शेजारचे आणि आमच्या वाचनालयाच्या संगणकांवर बसणारे लोक मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे उदाहरण म्हणून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घेतलं आहे. मी स्वतः ते रोज वापरते आणि त्याच्या बहुतेक सगळ्या खोड्या मला भेटून गेल्या आहेत. दुसरं कुठलंही एक्स्टेन्शन बसवायचं असलं तरी यातलं बरंचसं तसंच्या तसं लागू पडेल.

प्लगइन, ॲड-ऑन, एक्स्टेन्शन हे सगळं एकच का?

बोलताना आपण तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण अडचण शोधायची वेळ आली की फरक ठाऊक असलेला बरा. प्लगइन म्हणजे पूर्वी ब्राउझरच्या बाहेर, थेट संगणकावर बसवावा लागणारा प्रोग्राम. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट हे त्यातले. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये अशा जुन्या पद्धतीच्या प्लगइनचा आधार काढून घेतला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळ्यांचा, आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशही संपलं. म्हणून आज एखादं पान ‘फ्लॅश प्लेयर अपडेट करा’ म्हणत असेल तर ते पान ताबडतोब बंद करा. असं अपडेट आता अस्तित्वातच नाही, त्या नावाखाली जे उतरतं ते दुसरंच काही असतं.

एक्स्टेन्शन हा ब्राउझरच्या आत राहणारा छोटा प्रोग्राम. ॲड-ऑन हा फायरफॉक्सचा शब्द, त्यात एक्स्टेन्शन, थीम, शब्दकोश सगळं येतं.

जुन्या मराठी वाचकांना कदाचित आठवत असेल, युनिकोड रुळायच्या आधी अनेक मराठी साइट्स स्वतःचे खासगी फॉन्ट वापरत, आणि ते नसले की पानावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारं पद्मा नावाचं एक्स्टेन्शन फायरफॉक्ससाठी होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली आणि त्या जुन्या बांधणीची एक्स्टेन्शन्स चालेनाशी झाली. त्याआधी लिहिलेल्या ‘अमुक एक्स्टेन्शन टाका’ छापाच्या सूचना तुम्हाला सापडल्या तर त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

एक कार्यालयीन साइट अजून जावा प्लगइन मागते. काय करू?

फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये ते होणार नाही, कितीही खटपट केली तरी. विंडोजवरच्या एजमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर मोड आहे, तो अशाच जुन्या साइट्ससाठी ठेवलेला आहे. सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ या भागात तो चालू करून फक्त त्या एका साइटसाठी वापरा. डिजिटल सहीच्या बऱ्याच साइट्स आता प्लगइनऐवजी संगणकावर वेगळा छोटा प्रोग्राम बसवायला सांगतात. तो त्या साइटच्याच मदतपानावरून घ्यावा, इतर कुठून नाही.

उदाहरणाला यूब्लॉक ओरिजिनच का घेतलं?

कारण ते उघड्यावर बांधलेलं आहे. रेमंड हिल या प्रोग्रामरने २०१४ मध्ये ते सुरू केलं. त्याचा सगळा कोड कोणालाही वाचता येतो आणि ते पूर्ण फुकट आहे. हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. द्यायचंच असेल तर काय अडवायचं हे सांगणाऱ्या ज्या याद्यांवर हे एक्स्टेन्शन चालतं, त्या राबून ताज्या ठेवणाऱ्यांना द्या, असं ते सांगतात. म्हणजे यूब्लॉक ओरिजिनच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर तो माणूस खोटा, हे डोळे मिटून धरून चाला.

शिवाय हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं: वयस्कर माणसांची फसवणूक होते ती बहुतेक वेळा जाहिरातीच्या दारातूनच. जाहिराती अडवणं ही माझ्यासाठी आरामाची गोष्ट नाही, ती दाराची कडी आहे.

नाव तेच असलेली दोन-तीन दिसतात. खरं कुठलं?

फायरफॉक्स वापरत असाल तर तो बनवणाऱ्या मोझिलाच्या ॲड-ऑन्सच्या साइटवर, आणि एज किंवा क्रोममध्ये त्यांच्या अधिकृत स्टोअरमध्येच शोधा. गूगलवर नाव टाकून येणाऱ्या पहिल्या दुव्यावर जाऊ नका, तिथे वरच्या जागा पैसे देऊन घेतलेल्या असू शकतात. पानावर नाव पूर्ण वाचा: ‘यूब्लॉक ओरिजिन’, आणि खाली लेखक म्हणून रेमंड हिल.

हा ‘ओरिजिन’ शब्द शोभेचा नाही. २०१५ मध्ये हिल यांनी मूळ यूब्लॉक दुसऱ्याच्या हाती सोपवलं आणि थोड्याच दिवसांत स्वतःची वेगळी शाखा ‘ओरिजिन’ या नावाने चालू ठेवली. नुसतं ‘यूब्लॉक’ पुढे २०१८ मध्ये ॲडब्लॉक या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. आज नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाच्या साइटचा हिल यांच्या कामाशी काही संबंध नाही.

फायरफॉक्समध्ये बसवायचं कसं?

वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर टिचकी मारा आणि ‘एक्स्टेन्शन्स अँड थीम्स’ उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबलंत तरी तिथेच पोचाल. शोधाच्या चौकटीत नाव टाका, पान उघडा, ‘ॲड टू फायरफॉक्स’ दाबा. ब्राउझर परवानग्या दाखवेल. त्या वाचून ‘ॲड’ म्हणा. झालं. संगणक बंद करून चालू करायची गरज नाही, मात्र आधीपासून उघडी असलेली पानं एकदा रिफ्रेश करा, नाहीतर ‘बसवलं पण चालत नाही’ असं वाटेल.

नावाशेजारी मोझिलाची ‘रेकमेंडेड’ खूण असेल तर त्या एक्स्टेन्शनचा कोड मोझिलाची माणसं स्वतः तपासतात. यूब्लॉक ओरिजिनला ती आहे. नवख्या माणसाला मी सांगते की पहिलं वर्षभर ही खूण असलेलीच एक्स्टेन्शन्स घ्या.

‘सगळ्या वेबसाइट्सवरची तुमची माहिती वाचण्याची’ परवानगी मागतंय. द्यावी का?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाचं मला कौतुक वाटतं, कारण बरेच जण तो विचारतच नाहीत. ही परवानगी खरंच तेवढी मोठी आहे. एक्स्टेन्शनला ती मिळाली की तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान, म्हणजे मेल आणि बँकेचं पानसुद्धा, त्याला वाचता आणि बदलता येतं. जाहिरात अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला ती लागतेच, कारण जाहिरात कुठल्याही पानावर येऊ शकते. पण हवामान दाखवणारं किंवा नव्या टॅबवर फुलांचं चित्र लावणारं एक्स्टेन्शन हीच परवानगी मागत असेल तर त्याला ‘कशाला?’ असं विचारायला हवं. समाधानकारक उत्तर नसेल तर नको.

घरकामाला येणाऱ्या मावशींना आपण घराची किल्ली देतो, पण ओळखीने, आणि किती जणांकडे किल्ल्या आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. एक्स्टेन्शनचंही तसंच ठेवा. माझ्या ब्राउझरमध्ये तीन आहेत. आईच्या ब्राउझरमध्ये एक.

क्रोममध्ये ‘हे एक्स्टेन्शन आता चालणार नाही’ असं आलं. माझं काही चुकलं का?

नाही. क्रोमने एक्स्टेन्शन्सच्या बांधणीचे नियमच बदलले. जुन्या नियमांना मॅनिफेस्ट व्ही२ म्हणतात, नव्यांना मॅनिफेस्ट व्ही३. जून २०२४ पासून जुन्यांवर सूचना दिसू लागल्या, त्याच वर्षाच्या शेवटी ती टप्प्याटप्प्याने बंद पडू लागली आणि २०२५ मध्ये सगळ्यांसाठीच दार लागलं. जुन्या पद्धतीत पान चित्र, जाहिरात असं काही मागवायला जी विनंती पाठवतं, ती प्रत्येक विनंती बाहेर जाण्यापूर्वी एक्स्टेन्शन ती बघून ‘ही जाऊ दे, ही थांबव’ असं ठरवू शके. नव्या पद्धतीत नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यावी लागते आणि निर्णय ब्राउझर घेतो.

क्रोमच सोडायचा नसेल तर त्याच लेखकाचं यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या. ते हलकं आहे आणि साध्या वापराला पुरतं. जाहिराती निसटत असतील तर त्याच्या खिडकीत गाळणीची पातळी बेसिक, ऑप्टिमल, कम्प्लीट अशी वर सरकवता येते. त्याच्या याद्या एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती येते तेव्हाच ताज्या होतात, ही त्याची मर्यादा. पूर्ण ताकदीचं हवं असेल तर फायरफॉक्स. तिथे जुनी पद्धत चालू ठेवली आहे. मी वाचनालयातले तिन्ही संगणक याच कारणासाठी फायरफॉक्सवर आणले, आणि लोकांना सवय व्हायला आठवडासुद्धा लागला नाही.

‘डाउनलोड करता आलं नाही’ किंवा ‘फाइल खराब आहे’ असं येतं. इंटरनेट तर चालू आहे.

सगळ्यात आधी संगणकाचं घड्याळ बघा. वाचनालयातल्या सर्वात जुन्या संगणकावर मी या एका गोष्टीत अख्खी दुपार घालवली आहे. फायरफॉक्स एक्स्टेन्शन घेईना, काही साइट्स ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडेनात, मी दोनदा फायरफॉक्स काढून पुन्हा टाकला. शेजारी पेपर वाचत बसलेले एक आजोबा म्हणाले, “ताई, खाली कोपऱ्यात तारीख बघा की.” तिथे २०१० चा जानेवारी होता. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे जाई. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य असतात. संगणकच चुकीच्या वर्षात असला तर प्रत्येक प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. नवी बॅटरी घातली, तारीख आणि वेळ नीट केली, पाच मिनिटांत सगळं सुरळीत.

दुसरं कारण म्हणजे फार जुना फायरफॉक्स. एक्स्टेन्शनवरची सही तपासण्यासाठी ब्राउझरमध्ये एक मूळ प्रमाणपत्र असतं. मोझिलाचं असं एक प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं, आणि १२८ पेक्षा जुन्या नेहमीच्या आवृत्त्यांवर एक्स्टेन्शन्स बंद पडण्याची वेळ आली. यापूर्वी मे २०१९ मध्येही एक प्रमाणपत्र वेळेत नवं न केल्यामुळे जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन्स एकाएकी थांबली होती, तेव्हा मात्र चूक मोझिलाची होती. मेनूतल्या ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट फायरफॉक्स’ उघडा, तो स्वतःच नवी आवृत्ती शोधून उतरवतो.

घड्याळ बरोबर, फायरफॉक्स ताजा, तरी होत नाही? मग अँटीव्हायरस किंवा कार्यालयाचं नेटवर्क आड येत असेल. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एकदा करून बघा. ब्राउझरच्या मेनूत ‘तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते’ अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर निर्णय तुमच्या हातात नाही, संगणक विभागाला विचारा.

बसवलं, पण चिन्ह कुठेच दिसत नाही.

वरच्या पट्टीतल्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हावर टिचकी मारा, आत सापडेल. फायरफॉक्समध्ये त्याच्या शेजारच्या चाकावरून ‘पिन टू टूलबार’, क्रोममध्ये टाचणीची खूण. क्रोममध्ये दोन प्रोफाइल असतील तर ज्या प्रोफाइलमध्ये बसवलं तिथेच ते दिसेल.

प्रायव्हेट विंडोमध्ये चालत नाही.

मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन फायरफॉक्समध्ये ‘रन इन प्रायव्हेट विंडोज’, क्रोममध्ये ‘अलाऊ इन इन्कॉग्निटो’ चालू करा.

चालू आहे, तरी जाहिराती येतातच.

आधी पान रिफ्रेश करा. मग यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी मारा. मोठं वीजबटण निळं आहे का? राखाडी असेल तर त्या साइटपुरतं ते कधीतरी बंद केलं गेलं आहे.

निळं असूनही जाहिराती येत असतील तर दुसरं एखादं जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन शेजारी बसलंय का ते बघा. ‘दोन असली की दुप्पट सुरक्षा’ असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या पायात पाय घालतात, विशेषतः यूट्यूबवर. एकच ठेवा.

त्यानंतर याद्या. वीजबटणाखालच्या दातेरी चाकावरून सेटिंग्जमध्ये जा, ‘फिल्टर लिस्ट्स’ उघडा, ‘अपडेट नाऊ’ दाबा. याद्या ताज्या नसतील तर हे एक्स्टेन्शन म्हणजे धार गेलेली विळी. ते बटण दाबता येत नसेल तर आधी ‘पर्ज ऑल कॅशेस’ दाबा. त्याच पानावर खाली प्रदेश आणि भाषांच्या याद्या असतात, त्यातली इंडियनलिस्ट निवडलेली आहे का ते बघा. ती भारतीय भाषांतल्या साइट्ससाठी आहे, आणि मराठी बातम्या वाचणाऱ्याला तिचा फरक जाणवतो. बदल केल्यावर वरचं ‘अप्लाय चेंजेस’ दाबायला विसरू नका.

बातमीच्या मधोमध लेखासारखाच दिसणारा, पण पैसे घेऊन छापलेला मजकूर मात्र यातून नेहमी सुटणार नाही. तो ओळखायला वाचकाची नजरच लागते.

एक साइट मोडकी दिसते, किंवा पैसे भरताना पुढे जात नाही.

त्या साइटवर असताना वीजबटण दाबून बंद करा आणि रिफ्रेश करा. आता चालली तर कारण यूब्लॉक होतं. नाही चालली तर यूब्लॉकला दोष देऊ नका, साइटच बिघडलेली असेल किंवा दुसरं एक्स्टेन्शन आड येत असेल.

पैशांच्या कामाबद्दल माझा आग्रह आहे: बँक, आयकर, रेल्वेचं तिकीट यांसाठी वेगळा ब्राउझर किंवा वेगळं प्रोफाइल ठेवा, आणि त्यात एकही एक्स्टेन्शन नको. दोन फायदे. पैसे कापले गेले आणि पान अडकलं, हा घोर टळतो. आणि तुमची बँक कुठल्याच एक्स्टेन्शनच्या नजरेला पडत नाही.

‘कृपया तुमचा ॲड ब्लॉकर बंद करा’ असं एका वृत्तपत्राची साइट म्हणते. बंद करावा का?

हा तुमचा निर्णय, पण विचार करून घ्या. बातमीदार, मुद्रितशोधक, छायाचित्रकार यांचे पगार कुठून तरी यावे लागतात, आणि मराठीत वर्गणी भरून ऑनलाइन वाचणारे अजून थोडे आहेत. मी जे मराठी नियतकालिक रोज वाचते आणि ज्याच्या जाहिराती सभ्य आहेत, तिथे वीजबटण बंद ठेवलं आहे. जिथे पानभर झाकणारी चित्रं, आपोआप वाजणारे व्हिडिओ आणि ‘गुडघेदुखी तीन दिवसांत गायब’ असले दावे असतात, तिथे चालू. वर्गणीची सोय असेल तर वर्गणी भरणं सर्वात चांगलं.

काहीतरी लपवायला गेलो आणि पानावरचा कामाचाच भाग गेला.

यूब्लॉकच्या खिडकीत दोन चिन्हं असतात. विजेच्या लोळासारखं चिन्ह वापरून काढलेली गोष्ट रिफ्रेश केलं की परत येते. ड्रॉपरसारखं चिन्ह वापरून काढलेली कायमची जाते. तुम्ही दुसरं वापरलं आहे. सेटिंग्जमध्ये ‘माय फिल्टर्स’ उघडा, त्या साइटच्या नावाची ओळ पुसा, ‘अप्लाय चेंजेस’ दाबा.

ब्राउझर मंद झालाय किंवा विचित्र वागतोय. कुठलं एक्स्टेन्शन जबाबदार, कसं शोधू?

सगळं काढून टाकण्याची घाई करू नका. फायरफॉक्समध्ये ‘हेल्प’मधून ‘ट्रबलशूट मोड’ने सुरू करा. त्यात सगळी एक्स्टेन्शन्स तात्पुरती बाजूला राहतात. तरीही अडचण तशीच असेल तर एक्स्टेन्शन्स निर्दोष आहेत. अडचण गेली असेल तर नेहमीसारखं सुरू करून अर्धी एक्स्टेन्शन्स बंद करा. अडचण राहिली तर दोषी उरलेल्या अर्ध्यात, गेली तर बंद केलेल्या अर्ध्यात. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. बारा असली तरी चार फेऱ्यांत सापडतं. एकेक करत बसलात तर चहा थंड होईल.

कोण किती मेमरी खातंय हे ‘मोअर टूल्स’मधल्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये दिसतं, क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्येही.

अगदीच हाताबाहेर गेलं तर फायरफॉक्समध्ये ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ आहे. त्याने बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन्स आणि त्यांची सेटिंग्ज जातात. म्हणून शेवटच्या प्रश्नात सांगितलेली फाइल आधी काढून ठेवा.

मी काहीच टाकलं नाही, तरी एक अनोळखी एक्स्टेन्शन आलंय.

आमच्याकडे हे गणपतीच्या आदल्या आठवड्यात झालं. आईला आरत्यांची पीडीएफ हवी होती. तिने शोधलं, एक पान उघडलं. पानावर तीन हिरवी ‘डाउनलोड’ बटणं होती, तिन्ही ठसठशीत. खरा दुवा त्यांच्या खाली, बारीक निळ्या अक्षरांत. आईने साहजिकच सगळ्यात मोठं बटण दाबलं. मग पीडीएफ उघडण्यासाठी म्हणून आणखी एक खिडकी आली, तिथे ‘ॲड’ दाबलं. दुसऱ्या दिवसापासून काहीही शोधलं की भलत्याच साइटवर निकाल यायचे. “अगं, हिरवं बटण दाबलं, बाकी काही केलं नाही मी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका अपराधी होता की मला वाईट वाटलं. चूक तिची नव्हती. ते पान तिच्यासारख्यांना चुकवायलाच मांडलेलं होतं.

काय केलं ते सांगते. एक्स्टेन्शन्सच्या पानावर जाऊन ते ‘रिमूव्ह’ केलं. नुसतं बंद करून ठेवू नका. सेटिंग्जमध्ये शोधयंत्र आणि मुखपृष्ठ पूर्ववत केलं. विंडोजच्या ‘ॲप्स’च्या यादीत त्याच तारखेला आलेलं अनोळखी काही आहे का ते पाहिलं, एक सापडलं, तेही काढलं. हे शेवटचं राहून गेलं तर काढलेलं एक्स्टेन्शन पुन्हा उगवतं. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला, मेलमधून ‘सगळीकडून बाहेर पडा’ केलं.

खात्यातून पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.

कोपऱ्यात ‘संगणकात व्हायरस आहे’ अशा सूचना येत राहतात. कुठलं एक्स्टेन्शन काढू?

बहुतेक वेळा ते एक्स्टेन्शन नसतंच. कुठल्यातरी साइटने ‘सूचना पाठवू का?’ विचारलं आणि तुम्ही ‘अलाऊ’ दाबलं, एवढंच. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त सूचनांच्या परवानग्या उघडा, ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढा. नव्या साइट्सनी विचारूच नये अशीही सोय तिथेच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकावर ती मी न विचारता चालू करते.

चांगलं एक्स्टेन्शन पुढे वाईट होऊ शकतं?

हो, आणि हेच सर्वात कमी लोकांना ठाऊक असतं. द ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेले टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन अनेकांच्या आवडीचं होतं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षेच्याच क्षेत्रातल्या कंपनीच्या एक्स्टेन्शनमध्ये चोरांनी स्टोअरचं खातं पळवून घातक अपडेट घुसवलं होतं. अपडेट आपोआप येतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

यावर उपाय एवढाच की एक्स्टेन्शन्स मोजकी ठेवा आणि न वापरलेली काढा. एखादं जुनं एक्स्टेन्शन मधेच नवी परवानगी मागू लागलं तर ‘हो’ म्हणण्याआधी ते अचानक का मागतंय हे शोधा. मी दर दिवाळीच्या साफसफाईत हीही साफसफाई करते, घरातल्या सगळ्या संगणकांवर.

मोबाईलवर चालेल का?

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स नाहीत. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये आहेत, आणि डिसेंबर २०२३ पासून ती शेकड्यांनी उपलब्ध झाली. यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालतं. मोजका डेटा असलेल्यांना याचा फार उपयोग होतो. व्हॉट्सॲपवर आलेले दुवेही त्यातच उघडावेत म्हणून फायरफॉक्सला डिफॉल्ट ब्राउझर करा. आयफोनवरच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे सफारीसाठी यूब्लॉक ओरिजिन लाइट २०२५ पासून ॲप स्टोअरवर आहे. आणि हे सगळं ब्राउझरपुरतं: गेममधल्या किंवा इतर ॲपमधल्या जाहिराती यामुळे जाणार नाहीत.

मराठी टाइप करायला एखादं एक्स्टेन्शन सुचवाल का?

संगणकावर नको. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर वाचणारं एक्स्टेन्शन घेण्याची गरजच उरलेली नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, कीबोर्डमध्ये फोनेटिक निवडा. इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ लिहा, देवनागरी उमटेल, आणि ते ब्राउझरबाहेरही सगळीकडे चालेल.

नवीन संगणक घेतला. यूब्लॉकची सगळी सेटिंग्ज पुन्हा करावी लागतील?

जुना संगणक हाताशी असेल तर नाही. यूब्लॉकच्या सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर सगळ्यात खाली ‘बॅक अप टू फाइल’ आहे. ते दाबलं की एक छोटी फाइल मिळते. तुम्ही निवडलेल्या याद्या, लपवलेले भाग, ज्या साइट्सवर बंद ठेवलंय त्यांची नावं, सगळं तिच्यात असतं. ती पेन ड्राइव्हवर घ्या, नव्या संगणकावर एक्स्टेन्शन बसवा, त्याच जागी ‘रिस्टोअर फ्रॉम फाइल’ दाबा. फाइलच्या नावात तारीख असते, ती राहू द्या. पुढच्या वेळी तीन फाइल्स सापडल्या की कुठली ताजी, ते लगेच कळतं.